उखळीचा सांधा आणि नर्सबाईंचा हात

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठीत लेकराला कडेवर घेतात. कड म्हणजे बाजू, काठ. आईच्या कमरेच्या त्या काठावर लेकरू दोन्हीकडे पाय टाकून बसतं, जणू घोड्यावर बसलं आहे. आमच्या पूर्व विदर्भात रोवणीच्या दिवसांत बांधीकडे निघालेल्या बायकांच्या डोक्यावर शिदोरी असते, हातात विळा असतो आणि कडेवर लेकरू असतं. हे दृश्य आम्ही कवी मंडळींनी ममतेचं चित्र म्हणून पुष्कळदा वापरलं. पण त्या बसण्यात ममतेइतकंच शरीरशास्त्रही आहे. मांड्या फाकलेल्या, गुडघे वाकलेले आणि खुब्याचा गोळा नेमका आपल्या खोबणीत, अशी ती बैठक असते. हाडांचे डॉक्टर तान्ह्या बाळाच्या खुब्यासाठी जी स्थिती चांगली मानतात, ती जवळपास हीच.

खुब्याच्या सांध्याला शाळेच्या पुस्तकात 'उखळीचा सांधा' म्हणतात. धानाच्या मुलखात उखळ समजावून सांगावी लागत नाही. उखळ खोल असेल तर मुसळ जागेवर पडतं. उथळ असेल तर ते घसरतं आणि धान बाहेर सांडतं. जन्माच्या वेळी बाळाच्या खुब्याची उखळ उथळच असते आणि तिचा पुष्कळसा भाग हाडाचा नसून मऊ कूर्चेचा असतो. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसून राहिला, तरच ती त्याच्याभोवती हळूहळू खोल होत जाते. गोळा सैल असेल, निसटत असेल किंवा बाहेरच राहिला असेल, तर उखळ उथळ राहते आणि सांधा बिघडत जातो.

या दुखण्याची अडचण अशी की ते दुखत नाही. बाळाला ताप नसतो, ते रडत नाही, दूध सोडत नाही. घरच्यांना शंका येते ती वर्ष-सव्वा वर्षाने, लेकरू चालायला लागल्यावर. ते एका बाजूला झुकतं. दोन्ही खुबे बाहेर असतील तर बदकासारखं डुलत चालतं. आजूबाजूचे म्हणतात, 'शिकेल हळूहळू.' तोवर सोप्या उपचाराचे दिवस निघून गेलेले असतात. हा दोष मुलांपेक्षा मुलींमध्ये चार-पाच पट आढळतो. डाव्या खुब्यात अधिक, पहिलटकरणीच्या बाळात अधिक, घराण्यात कुणाला असेल तर अधिक आणि पोटात डोकं वर ठेवून बसलेल्या बाळात अधिक. पायाकडून जन्मलेल्याला आपण 'पायाळू' म्हणतो. पायाळू माणसाच्या पायाच्या स्पर्शाने दुसऱ्याच्या कमरेतली उसण जाते, अशी आपल्याकडे समजूत. पण दुसऱ्याच्या कमरेची काळजी त्याच्यावर सोपवण्याआधी त्या बाळाचाच खुबा कुणीतरी तपासायला हवा.

तो कुणी तपासायचा? ब्रिटन, ऑस्ट्रेलियासारख्या देशांतल्या काही रुग्णालयांत तान्ह्या बाळांच्या खुब्याचे दवाखाने खास शिक्षण घेतलेल्या नर्स चालवतात. बाळ तपासणं, पट्टा लावणं, आईला शिकवणं, पुन्हा बोलावणं ही सगळी कामं त्यांची. गुंता दिसला तर शल्यविशारद. तिथे आईबापांना 'तुम्ही समाधानी आहात का?' असंही विचारतात. आपल्याकडे ही कल्पना नुसती बोलून दाखवली तरी पहिला प्रश्न येतो : 'म्हणजे डॉक्टर बघणार नाहीत? नुसत्या नर्सबाई?' या 'नुसत्या'चं उत्तर इतिहासात शोधावं लागतं.

इंग्लंडमध्ये १८६६ साली जन्मलेल्या ॲग्नेस हंट यांचा खुबा बालपणीच्या जंतुसंसर्गाने कायमचा अधू झाला. त्या कुबड्या घेऊन चालत. तरीही त्या नर्स झाल्या आणि १९०० साली श्रॉपशायर परगण्यातल्या बासचर्च या खेड्यात त्यांनी अपंग मुलांसाठी एक घर उघडलं. पैसे कमी, जागा कमी. मुलांना वरच्या मजल्यावर नेणं जमेना, म्हणून अंगणात छपऱ्या टाकून त्यांना उघड्या हवेत ठेवलं. मोकळ्या हवेने मुलांची तब्येत सुधारते आहे, असं लक्षात आलं. पुढे लिव्हरपूलचे नामवंत शल्यविशारद रॉबर्ट जोन्स या खेड्यात येऊन शस्त्रक्रिया करू लागले.

पण हंटबाईंचं खरं मोठं काम पुढचं आहे. बरी होऊन घरी गेलेली मुलं काही महिन्यांनी पुन्हा वाकड्या पायांनी परत येत. पट्टा तुटलेला असे, बूट लहान झालेला असे आणि दूरच्या रुग्णालयात यायला आईबापांकडे पैसे नसत. तेव्हा आसपासच्या गावांत त्यांनी ठरलेल्या दिवशी भरणारे छोटे दवाखाने सुरू केले. तिथे हाडांच्या कामात तयार झालेली नर्स बसे, मुलाला तपासे, पट्टा बदले आणि गरज वाटली तरच रुग्णालयात पाठवी. दवाखाना लेकराच्या गावाकडे न्यायचा आणि तो नर्सने चालवायचा, ही कल्पना अशी शंभरावर वर्षांपूर्वीची आहे. तिचा उगम काटकसरीत नाही. स्वतः लंगडत चालणाऱ्या एका नर्सला ठाऊक होतं की उपचार रुग्णालयाच्या दारात संपत नाही. १९२१ मध्ये ही संस्था ऑस्वेस्ट्रीला हलली. जोन्स आणि हंट या दोघांच्या नावाने ते रुग्णालय आजही चालू आहे.

खुब्याच्या तपासणीची गोष्ट इटलीतली आहे. १९३० च्या दशकाच्या मध्याला फेर्रारा शहरातल्या मारिनो ओर्तोलानी या बालरोगतज्ज्ञाकडे एक आई पाच महिन्यांचं बाळ घेऊन आली. बाळाला धुताना, त्याचे पाय फाकवताना आत कसलातरी 'कट्' असा आवाज होतो, ही तिची तक्रार. ओर्तोलानींनी तिला वाटेला लावलं नाही. त्यांनी स्वतः तसं करून पाहिलं. खुबा उखळीबाहेर होता आणि मांड्या फाकवताच तो आत जाताना तो धक्का हाताला लागत होता. १९३७ मध्ये त्यांनी ही खूण लिहून प्रसिद्ध केली. फ्रान्सच्या पिएर ल दामानी यांनी तशीच खूण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगितली होती, पण ती फारशी पसरली नव्हती. आज जगभर तान्ह्या बाळाचा खुबा 'ओर्तोलानी चाचणी'ने तपासतात. तिच्या मुळाशी बाळाची दुपटी बदलणाऱ्या एका आईची बोटं आहेत. तिचं नाव चाचणीला मिळालं नाही. मिळालं ते ज्याने तिचं ऐकून घेतलं त्याला, आणि ऐकून घेणं हेही लहान काम नव्हे.

१९६२ मध्ये इंग्लंडच्या सॅल्फर्ड शहरातून डॉ. बार्लो यांनी नवजात बाळांच्या मोठ्या तपासणीचे निष्कर्ष मांडले. आत असलेला खुबा हलक्या दाबाने बाहेर निसटतो का, हे पाहण्याची जोडचाचणी त्यांनी दिली. त्यांना साधारण साठात एका बाळाचा खुबा सैल आढळला. पण त्यांतले साठ टक्क्यांहून अधिक पहिल्याच आठवड्यात आपोआप घट्ट झाले आणि दोन महिन्यांत सुमारे ८८ टक्के. ही चांगली बातमी आहे, पण तिच्यात एक जोखीमही आहे. जे उरतात ते कोणते, हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही. म्हणजे एकदा पाहून भागत नाही. पुन्हा पाहावं लागतं. मोठ्या डॉक्टरांना एका बाळाकडे पुन:पुन्हा पाहायला सवड कुठली? इथेच नर्सबाईंचं काम सुरू होतं.

उपचाराची कथाही अशीच हलकेपणाकडे आली. पूर्वी खुबा जोराने बसवून महिनोन् महिने प्लास्टरमध्ये जखडत. त्यात अनेकदा गोळ्याचा रक्तपुरवठा तुटे आणि हाड मरे. चेकोस्लोव्हाकियाचे आर्नोल्ड पावलिक यांनी १९४० च्या दशकात कातडी पट्ट्यांचा एक साधा साज केला. खांद्यावरून आलेले पट्टे बाळाचे पाय वाकलेले आणि फाकलेले धरतात, पण बाळ लाथा झाडू शकतं. त्या झाडण्यातूनच गोळा उखळीत रुळतो. पहिल्या काही आठवड्यांत दोष सापडला, तर बहुतेक बाळांना दीड ते तीन महिने हा पट्टा पुरतो. बाळ सहा महिन्यांचं झालं की त्याचा उपयोग फार कमी होतो आणि चालायला लागल्यावर तर बहुधा शस्त्रक्रिया, तीही कमरेपासून पायापर्यंतच्या प्लास्टरसह. १९८० मध्ये ऑस्ट्रियाच्या राइनहार्ड ग्राफ यांनी सोनोग्राफीने तान्ह्याचा खुबा पाहण्याची पद्धत दिली. ज्या वयात क्ष-किरणांत मऊ कूर्चा दिसत नाही, त्या वयात आतलं दिसू लागलं.

रीतिरिवाजांचा वाटाही मोठा आहे. उत्तर अमेरिकेतल्या ज्या आदिवासी जमाती बाळाला फळीवर पाय सरळ बांधून ठेवत, त्यांच्यात हा दोष फार होता. आफ्रिकेत बाळाला पाठीवर पाय फाकवून बांधणाऱ्या समाजांत तो क्वचितच आढळतो. जपानमध्ये बाळाचे पाय सरळ करून गुंडाळण्याची चाल होती आणि शंभरात एकापासून साडेतीनपर्यंत बाळांना हा दोष असे. १९७५ च्या सुमारास तिथे 'बाळाचे पाय सरळ बांधू नका' अशी मोहीम चालली. आया, आज्या, सुईणी यांना हे शिकवण्यात आलं. प्रमाण हजारात दोनच्या आसपास उतरलं. त्यासाठी कुठलंही औषध लागलं नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे कडेवर घेण्याची चाल आहे, लुगड्याची झोळी आहे. पण कडेवर लेकरू येतं ते मान धरल्यावर, तीन-चार महिन्यांनी. त्याआधी थंडीच्या दिवसांत आपण त्याला दुपट्यात पाय सरळ करून असं आवळतो की नुसतं तोंड बाहेर राहावं. मालीश करताना पाय ओढून सरळ करायची हौसही काही ठिकाणी आहे. हिंदू घर असो की आमच्यासारखं मुसलमान घर, बाळंतिणीच्या खोलीतली ही रीत सारखीच. आणि पूर्वी दोन्ही घरी येणारी सुईणही बहुधा एकच असे. त्यामुळे शिकवायचं ते सगळ्याच घरांना शिकवावं लागेल.

महाराष्ट्रात नर्सच्या कामाला प्रतिष्ठा सहजी मिळाली नाही. परक्याच्या अंगाला हात लावण्याचं काम म्हणून बऱ्या घरच्या बायकांना ते वर्ज्य होतं. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि त्यातून बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंगच्या शिक्षणासाठी पाठवलं, तेव्हा समाजाने नाकं मुरडलीच. आज खेड्यातली नर्सबाई लसीकरणाला आली की साऱ्या बायका तिला आपल्या घरची गोष्ट सांगतात. मधल्या शंभर वर्षांत केवढं अंतर काटलं गेलं!

लेकरांच्या पायांसाठी आईने दवाखाना उभारल्याचं उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. स्वातंत्र्यलढ्यात वावरलेल्या फातेमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मुलीच्या उपचारासाठी धावाधाव करताना त्यांना दिसलं की अशा मुलांसाठी आपल्याकडे व्यवस्थाच नाही. १९४७ मध्ये त्यांनी मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. पुढे हाजी अलीला मुलांचं अस्थिरुग्णालय उभं राहिलं ते तिच्यातूनच. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इथेही दुखणं वेगळं होतं, पण सुरुवात एका आईच्या असमाधानातून झाली. समाधानाचं मोजमाप करताना हे असमाधान विसरू नये.

आणि 'नुसत्या नर्सबाई'चं सगळ्यात ठाम उत्तर आमच्या शेजारच्या जिल्ह्यातून आलं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्या तर नर्सही नव्हत्या. त्या घरोघर जात, बाळाचं वजन घेत, श्वास मोजत आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शनही देत. खेड्यातल्या बाईच्या हातात सुई देण्याला विरोध होणं साहजिक होतं. पण ३९ गावांत हे काम झालं, त्यांची तुलना दुसऱ्या ४७ गावांशी करण्यात आली आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यूंत ६२ टक्के घट. पुढे २०११ मध्ये घरोघरी नवजात बालकाच्या काळजीची योजना देशभर आली, तिच्यामागे या कामाचा मोठा आधार होता. रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. बार्लोंचे आकडे आठवा. ज्या दिवसांत सैल खुबा घट्ट होतो किंवा होत नाही, नेमके हेच ते दिवस.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरला झाली. जन्मजात दोषांची जी यादी त्यात आहे, तीत दुभंगलेला ओठ आणि वाकडं पाऊल यांच्यासोबत खुब्याचा हा दोषही आहे. म्हणजे कागदावर जागा आहे. पण दुभंगलेला ओठ डोळ्यांना दिसतो, वाकडं पाऊल दिसतं. निसटणारा खुबा हाताला लागावा लागतो आणि हात शिकलेला असावा लागतो. म्हणूनच आपल्या देशात यातली पुष्कळ लेकरं चालायला लागल्यावरच डॉक्टरपुढे येतात. ओर्तोलानीची खूण जोर लावून कळत नाही. ती हलक्या हाताने, शांत बाळावर, पुन:पुन्हा करून कळते. नर्सला ती शिकवता येते. आशाताईला निदान एवढं शिकवता येतं : बाळ पायाळू होतं का, घरात कुणाला होतं का, दोन्ही मांड्या सारख्या उघडतात का, एक पाय आखूड वाटतो का. शंका आली की चिठ्ठी.

आता समाधानाबद्दल. २०१८ मध्ये कोक्रेन या संस्थेने डॉक्टरांऐवजी नर्सने प्राथमिक उपचार दिल्याच्या १८ चाचण्या एकत्र पाहिल्या. रोग्याच्या प्रकृतीचा निकाल साधारण सारखा होता; नर्सबाई वेळ जास्त देत आणि रोग्यांचं समाधान थोडं अधिक असे. या चाचण्या जवळजवळ सगळ्या श्रीमंत देशांतल्या, हेही लक्षात ठेवावं. तरी वेळ दिल्याने समाधान वाढतं, हे समजायला परदेशात जायला नको. आमचं फुलचूर गोंदिया शहराला लागूनच आहे, पण जिल्ह्याच्या टोकाच्या गावांतून शहर गाठायला अर्धा दिवस जातो. गोंदियात २०१६ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यापलीकडे जायचं तर रेल्वेने नागपूर, सुमारे १३० किलोमीटर. सकाळी निघालेली आई रांगेत उभी राहते, दोन मिनिटांत तपासणी होते, कागदावर काहीतरी लिहिलं जातं आणि ती परत गाडीत बसते. दिवसाची मजुरी बुडालेली असते आणि बाळाला काय झालं हे तिला नीट कळलेलं नसतं.

त्यात लेकराला पट्टा लागला की खरी परीक्षा घरी सुरू होते. सासू म्हणते, 'तान्ह्याला असं बांधून ठेवतात का?' शेजारीण म्हणते, 'गरोदरपणी ग्रहण पाळलं नसेल.' दोष कुठेच नसताना तो आईच्या पदरात पडतो. मुलगी असेल तर पुढची कुजबूजही सुरू होते, लग्नाची. पट्टा न काढता लंगोट कसा बदलायचा, न्हाऊ कसं घालायचं, दूध पाजताना कसं धरायचं, पट्टा ढिला झाला तर काय करायचं, असे रोजचे पन्नास प्रश्न असतात. त्यांची उत्तरं मोठ्या डॉक्टरच्या चिठ्ठीत नसतात. ती देणारी बाई ओळखीची असली, दर वेळी तीच असली, तिच्या तोंडी आपल्या भागातली बोली असली, तर आई पट्टा मध्येच काढून ठेवत नाही. इथे समाधान आणि उपचार एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. ज्या आईला समजावून सांगितलेलं असतं, तिच्याच बाळाचा पट्टा अंगावर राहतो.

पण एक सावधगिरी हवी. गोड बोलणाऱ्या नर्सबाईंनी निसटलेला खुबा ओळखलाच नाही, तरी आई त्या दिवशी समाधानानेच घरी जाईल. खरी गोष्ट वर्षाने कळेल. म्हणून समाधानाचे कागद भरून घेणं पुरेसं नाही. नर्सच्या हाताला रीतसर शिक्षण हवं, शंका आली की सोनोग्राफी हवी, तिच्या पाठीशी फोन उचलणारा अस्थिरोगतज्ज्ञ हवा आणि तपासलेल्या प्रत्येक बाळाची नोंद ते चालायला लागेपर्यंत हवी. यांतलं काहीच नसताना सगळा भार नर्सबाईंवर टाकणं म्हणजे सरकारने आपली जबाबदारी तिच्या डोक्यावर ठेवून मोकळं होणं. हंटबाईंच्या दवाखान्याला रॉबर्ट जोन्सचा आधार होता, तेव्हाच तो चालला.

माझं मागणं मोठं नाही. तालुक्याच्या ठिकाणी, लसीकरणाच्याच दिवशी, एका खोलीत एक शिकलेली नर्सबाई बसावी आणि दीड महिन्याची लस घ्यायला आलेल्या प्रत्येक बाळाचा खुबा तिने एकदा पाहावा. आई तशीही त्या दिवशी येणारच असते. वेगळी मजुरी बुडत नाही. तोवर घरच्यांनी दुपटं छातीशी घट्ट पण पायांशी सैल ठेवावं, मालीश करताना पाय ओढू नयेत, आणि बाळ पायाळू असेल किंवा मांड्या सारख्या उघडत नसतील तर 'शिकेल हळूहळू' असं न म्हणता नर्सबाईंना विचारावं. आणि एखादी आई म्हणाली, 'बाई, हिला धुताना आत काहीतरी कट् वाजतं', तर तिचं ऐकणाऱ्याने हातातलं काम बाजूला ठेवून ते लेकरू आधी तपासावं.